विहिरीचा दोष नाही

पुणे, 9 ऑगस्ट

प्रिय नंदू,

तुझं पत्र परवा मिळालं. माझ्या डोळ्याला लेन्समधून झालेला संसर्ग तुमच्या विहिरीच्या पाण्यानेच झाला असं धरून काकूंनी अख्खी विहीर उपसून घेतली आणि ग्रामपंचायतीतून टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, आणून टाकली, हे वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं. फोनवर त्या हल्ली माझ्याशी दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाहीत, त्याचं कारण हे होय! हे पत्र खरं तर त्यांच्यासाठीच आहे. फोनवर सांगायला गेले की तू मध्ये बोलतेस. त्यांना नीट वाचून दाखव.

गेल्या गणपतीत गौरी आल्या त्या संध्याकाळी माझी कॉन्टॅक्ट लेन्स धुवायच्या सोल्युशनची बाटली संपली. गुहागरच्या बाजारात मिळालीही असती, पण आरतीची घाई, वर पाऊस. मी न्हाणीत गेले, कळशीतल्या पाण्याने डबी विसळली, लेन्स विसळल्या, त्याच पाण्यात रात्रभर ठेवल्या आणि सकाळी डोळ्यांत घातल्या. सलग तीन दिवस. पाण्याखालून काढलं की झालं स्वच्छ, हे आपल्या हाडात बसलेलं आहे ना. काकूंनी लहानपणी आपल्याला दिवसातून किती वेळा पाय धुवायला लावले असतील!

आता पुढचं काकूंना दोनदा वाचून दाखव. मी पुण्यात काय करत होते ते ऐक. बारा वर्षं लेन्स घालून शॉवर घेतला. डबी रोज सकाळी बेसिनच्या नळाखाली धुतली. सोल्युशन महाग, म्हणून कालच्या उरलेल्यातच थोडं नवीन ओतलं. डबीच्या तळाला बुळबुळीत थर यायचा, तो बोटाने पुसून टाकायचे. डॉक्टरांना विचारलं, हे विहिरीतून आलं की आमच्या सोसायटीच्या टाकीतून? ते म्हणाले, दोन्हीकडून येऊ शकतं आणि आता शोधून उपयोग नाही.

त्या जिवाचं नाव अकँथअमिबा. आपण नववीत वहीत काढायचो त्या अमिबाचाच भाऊबंद, फक्त याच्या अंगावर बारीक काटे. मातीत, तळ्यात, धुळीत, नळात सगळीकडे असतो. धडधाकट माणसाच्या पोटात गेला, अंगावरून गेला तरी काही बिघडत नाही. जिवाणू खाऊन जगतो, म्हणजे माझ्या डबीतला तो बुळबुळीत थर ही त्याची पंगतच होती. वातावरण मानवलं नाही की स्वतःभोवती दुपदरी कवच करून पडून राहतो, वर्षानुवर्षं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या कवचाला काही करत नाही आणि तुमची टीसीएलही करणार नाही. (टाकलीत ते बरंच केलंत, पावसाळ्यात गॅस्ट्रोसाठी ती हवीच.) लेन्समुळे कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या त्या पारदर्शक काचेवर, न दिसणारे ओरखडे येतात. लेन्सला चिकटून आलेला हा पाहुणा तिथे हात धरून बसतो.

पुण्यात आल्यावर दोनेक आठवड्यांनी उजवा डोळा लाल झाला. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांना नागिणीच्या जातीच्या विषाणूचा व्रण वाटला. हे दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात, तशी चूक पुष्कळांची होते. तरी रागवायचं तेवढं मी रागावलेय. त्यांनी लेन्सबद्दल विचारलं नाही. आणि मी त्या दिवशी चष्मा लावून गेलेली, मीही बोलले नाही. थेंबांत पुढे स्टिरॉइडही आलं. चार दिवस लाली उतरली, मी खूश. मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. कॉर्नियात नसांची टोकं इतकी दाट असतात की शरीरात दुसरीकडे कुठे नाहीत, आणि हा मेला त्या नसांच्या कडेकडेनेच सरकतो. देवघरातली समईसुद्धा सोसेना. मी दिवसा कपाटाकडे तोंड करून बसायचे. डोळ्यात दिसायला फारसं काही नव्हतं, त्यामुळे सासूबाईंना वाटलं मी बाऊ करतेय.

दुसरीकडे गेलो तिथे त्यांनी व्रण हलकेच खरवडून नमुना घेतला. नुसत्या आगरवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जेलीवर, जिवाणूंचा पातळ थर पसरतात आणि त्यावर तो नमुना ठेवतात. काही दिवसांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पडद्यावर दाखवलं. जिवाणूंच्या थरात वळणावळणाच्या वाटा पडलेल्या, शेवाळावरून गोगलगाय गेल्यावर पडतात ना तशा. खात खात गेला होता. किळस यायला हवी होती, पण मला आधी हायसं वाटलं. निदान नाव तरी कळलं, आणि सासूबाईंनाही दाखवता आलं.

औषध तयार बाटलीत मिळत नव्हतं, बनवून घ्यावं लागलं. त्यातलं एक पोहण्याच्या तलावाचं पाणी शुद्ध करायला वापरतात त्या जातीचं, ते अगदी पातळ करून. पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. मिलिंदने चोवीस गजर लावले होते. तिसऱ्या दिवशी तो भाजीत मीठ घालायलाही घड्याळ बघत होता. थेंब नऊ महिने चालले, कारण कवचातला एक जरी मागे राहिला तरी तो पुन्हा उठतो. आता दुखत नाही. बुबुळावर फूल राहिलंय, मध्याच्या जरा खाली. उजव्या डोळ्याने पेपराचे मथळे दिसतात, मजकूर नाही. कॉर्निया बदलायचा की नाही, ते दिवाळीनंतर बघू.

काकूंना आणखी एक सांग. या आजाराचा पहिला ओळखलेला रुग्ण 1973 सालचा, अमेरिकेत टेक्सासमधला गुरं पाळणारा माणूस, डोळ्याला इजा झालेला. लेन्सचा संबंधच नव्हता. लेन्सवाले पुढे 1980 च्या दशकात वाढले, तेव्हा तिथले लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सोल्युशन करायचे. आणि ब्रिटनमध्ये असे रुग्ण निघाले त्यांच्या 27 घरांचे नळ तपासले, तर 24 घरांत असले मोकाट अमिबा सापडले. साहेबाच्या नळातही आहे म्हटल्यावर गुहागरच्या विहिरीने का लाजावं?

आपल्याकडे तर लेन्स न वापरणारेच जास्त सापडतात, शेतात डोळ्याला लागलेले, चिखल उडालेले. म्हणून दादाला बजाव. भाताचं कुसळ डोळ्यात गेलं की तो मेडिकलमधून मागच्या वेळचेच थेंब आणतो, ते बंद. त्यात स्टिरॉइड असलं तर बसलाच.

आणि ऋचा. तिला लेन्स घेऊ नको असं मी म्हणणार नाही, अठराव्या वर्षी मीही कुणाचं ऐकलं नसतं. रोज नवीन घालून रात्री टाकून द्यायच्या मिळतात, त्या घे. डबीच नको आणि सोल्युशनही नको. महिन्याच्याच घ्यायच्या असतील तर डबीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. फिल्टरचं नको, उकळलेलंही नको. रोज जुनं सोल्युशन ओतून द्यायचं, डबी नव्या सोल्युशनने विसळून उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांत फेकायची. हात साबणाने धुऊन पुसून कोरडे करायचे, मग लेन्सला हात. ओल्या बोटांवर पाणी असतंच, हे मला स्वतःला उशिरा सुचलं. पोहायला जाताना लेन्स घरी. डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढायची, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'मी लेन्स वापरते'. तिच्यासाठी नळावर लाल फुली मारलेलं एक चित्र रंगवून सोबत ठेवलंय, बेसिनपाशी चिकटव. फुली थोडी तिरकी आलीय, एका डोळ्याने अंतर कळत नाही.

यंदा आम्ही हरतालिकेच्या आदल्या दिवशी पोहोचतोय. चष्मा लावून येईन. विहिरीवर बसून तुझ्याबरोबर पूर्वीसारखी कळशी कळशी अंगावर ओतून आंघोळ करणार आहे, काकूंच्या देखत. टीसीएलचा वास गेला का, तेवढं कळव.

तुझी,
मेधा

ता. क. मिलिंद विचारतोय, पातोळ्या या वर्षी तरी पुरेशा होतील का.