सेटवरच्या शस्त्राला एकच जबाबदार माणूस नेमा

महोदय,

पिस्तूल थेट कॅमेऱ्यावर रोखलेला शॉट प्रेक्षकाला हमखास खिळवून ठेवतो. तो घेताना नळीच्या पुढ्यात कॅमेरामन असतो, फोकस सांभाळणारा असतो, ट्रॉली ढकलणारा असतो, कधी मॉनिटर सोडून पुढे आलेला दिग्दर्शकही असतो. मुंबईत कॅमेरा विभागात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केल्यामुळे मी त्या जागी अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून हे पत्र.

21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर अशाच एका शॉटची तयारी चालू होती. अभिनेते अॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. ती छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव घेऊन मागे असलेल्या दिग्दर्शकाच्या खांद्यात घुसली. शस्त्र सुरक्षित असल्याचे त्याआधी सेटवर जाहीर झाले होते. त्याच दिवशी सकाळी कॅमेरा विभागातली काही मंडळी सुरक्षेच्या आणि इतर तक्रारींमुळे काम सोडून निघून गेली होती, हे वाचल्यापासून मला राहवत नाही. ज्यांच्यावर नळी रोखली जाणार होती, तेच सांगत होते आणि त्यांचे कोणी ऐकले नाही.

आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर मिळते: ‘आपण कुठे खरी बंदूक वापरतो? डमी असते, फार तर ब्लँक.’ हे उत्तर मला धोकादायक वाटते. ब्लँक काडतुसात गोळी नसली तरी दारू खरीच असते. 1984 साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर गंमत म्हणून ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. नुसत्या स्फोटाच्या धक्क्याने कवटीचा तुकडा आत गेला आणि काही दिवसांत तो वारला. अभिनेता ब्रँडन लीचे प्रकरण तर डमी, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण न उडणाऱ्या काडतुसांपासूनच सुरू झाले. 1993 साली ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवले, पण बुडाची टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारा छोटा स्फोटक भाग, तशीच राहिली. त्या टोपीच्या जोराने गोळीचे टोक नळीत सरकून अडकले. ते कोणी पाहिले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले आणि अडकलेले टोक 28 वर्षांच्या ब्रँडनच्या पोटात गेले.

हे टाळायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शस्त्र उघडायचे, चेंबर बघायचे, नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचे. मग एकेक डमी काडतूस हातात घेऊन कानाशी हलवायचे. बऱ्याच डमींत दारूच्या जागी छर्रा असतो, तो खुळखुळतो. काहींच्या पितळी अंगाला भोक पाडलेले असते. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर ते काडतूस सेटबाहेर. हे सगळे नटासमोर आणि कॅमेऱ्यामागच्या माणसांसमोर व्हायला हवे.

आपल्या सेटवर मी काय पाहिले? मढच्या एका बंगल्यात दोन टेकच्या मध्ये नट हातातल्या पिस्तुलानेच खुणा करत गप्पा मारत होता आणि चहाचा ट्रे घेतलेला स्पॉटबॉय त्या नळीसमोरून ये-जा करत होता. ते पिस्तूल कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारल्यावर प्रॉपर्टीवाला, म्हणजे सेटवरचे सामान सांभाळणारा, फाइट मास्टरकडे बोट दाखवी आणि फाइट मास्टर प्रॉपर्टीवाल्याकडे. तारखा कमी, शिफ्ट लांबलेली, लोकेशनचे भाडे चढत चाललेले; अशा वेळी ‘थांबा, आधी बंदूक उघडून दाखवा’ असे म्हणण्याची छाती सहायकाला होत नाही. तो दोष त्याचा नाही.

‘रस्ट’मध्ये शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीकडे प्रॉप्सचे, म्हणजे सेटवरच्या सामानाचेही काम होते. 2024 साली तिला 18 महिन्यांची कैद झाली. सहायक दिग्दर्शकाला शस्त्राच्या निष्काळजी वापराबद्दल प्रोबेशनची शिक्षा झाली होती, तर बाल्डविन यांच्यावरचा खटला सरकारी पक्षाने पुरावे दडवल्याच्या कारणावरून न्यायालयाने रद्द केला. एकाच माणसावर दोन कामे टाकून पैसे वाचवायचा निर्णय कोणाचा होता, हा प्रश्न मला या निकालांपेक्षा मोठा वाटतो.

शस्त्र कायदा 1959 पासून आहे. खऱ्या शस्त्राला परवाना लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्श्राव्य कामगारांचाही समावेश आहे. पण कागदावरची सुरक्षा सेटपर्यंत आणायची तर निर्मात्यांच्या संघटना, कामगार संघटना आणि गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचे प्रशासन यांनी एकत्र बसायला हवे. शस्त्र असलेल्या प्रत्येक दिवशी दुसरे कोणतेही काम नसलेला एक प्रशिक्षित माणूस नेमावा. त्याचे नाव कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या पत्रकावर छापावे आणि शूटिंग थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा. टेक संपला की शस्त्र त्याच्याच हातात परत जावे आणि कुलपात राहावे. जिवंत काडतूस सेटच्या आवारात येताच कामा नये. नळीतला जाळ हल्ली संगणकावर चढवता येतो, तेव्हा क्लोजअपमध्ये ब्लँकचा हट्ट कशाला?

आणि शस्त्र उघडून दाखवा म्हणणाऱ्या स्पॉटबॉयला दुसऱ्या दिवशी घरी बसवले जाणार नाही, हे निर्मात्याने करारात लिहून द्यावे.

– एक निवृत्त कॅमेरा सहायक, गोरेगाव (पूर्व), मुंबई