बॅग भरण्याआधी

चि. मीनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दोन दिवसांचं तर काम आहे, एवढं काय भरायचंय?" आणि पुढचं बोलणं चिडचिडीतच संपलं. म्हणून हे पत्र, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी बॅग भरण्याआधी वाचायला.

बॅगेत सगळ्यात वर एक कागद ठेव. त्यावर चालू औषधं लिही: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटची गोळी कधी घेतली. झोपेसाठी घेतेस ती वनस्पतीची गोळीही लिही. अशा काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, काहींनी भुलीची गुंगी लांबते. औषधं मूळ पाकिटातूनच ने. डबीत सुट्या केलेल्या गोळ्या सिस्टरना ओळखता येत नाहीत. कुठली चालू ठेवायची नि कुठली थांबवायची हे मात्र डॉक्टरांनाच विचार.

त्याच कागदावर लाल पेनने, मोठ्या अक्षरांत लिही: अ‍ॅमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी. नुसतं 'अ‍ॅलर्जी आहे' पुरत नाही. हे अँटिबायोटिक चौथ्या वर्षी, कानासाठी दिलं होतं, अर्ध्या तासात अंगभर गांधी, ओठ सुजले, असं सगळं लिही. तासाभरात उठलेल्या गांधी आणि चार दिवसांनी आलेलं पुरळ यांत डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा फरक असतो. तू त्या दिवशी रडलीही नाहीस. आरशात स्वतःचे ओठ बघून हसत होतीस, आणि आजी तुला खाली ठेवायला तयार नव्हती.

असो, कपड्यांचं सांगतो. वरचा कपडा पुढून बटणांचा हवा, कारण हाताला सलाईन असताना डोक्यातून काही घालता येत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना एक चीर बेंबीजवळ असते आणि नाडी किंवा घट्ट इलास्टिक नेमकं तिथेच येतं, म्हणून कंबरेला सैल, नेहमीपेक्षा एक माप मोठं घे. चपला मागून पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या. पहिल्यांदा उठताना चक्कर येते. चार्जरची वायर लांब असू दे, सॉकेट बहुधा पलंगाच्या मागे असतो. चष्मा डबीसकट ने, लेन्स लावून जाऊ नकोस.

छोटी उशी नक्की घे. खोकताना, हसताना ती पोटाशी घट्ट धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो. परतताना गाडीच्या पट्ट्याखालीही तीच. आणि खांदा दुखला तर घाबरू नकोस. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चाळवतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत उतरतं.

नेलपॉलिश घरीच काढ. बोटाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखातून प्रकाश सोडतं, गडद रंगाने आकडा चुकू शकतो. अंगठी, कानातलं, सगळं घरी. बोटं सुजली तर अंगठी निघत नाही, आणि रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात तेव्हा धातूजवळ भाजण्याचा धोका असतो. उपाशी राहण्याची वेळ त्यांनी दिली असेल तीच पाळ. साधारणपणे अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून 'एक घास चालतो' असं कोणी म्हटलं तरी नाही म्हण.

पुन्हा तेच लिहितो, रागावू नकोस. जंतुसंसर्ग टाळायला अँटिबायोटिक देणार असतील तर ते चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात. तेव्हा तू धास्तावलेली असशील, गुंगीतही असशील. म्हणून अ‍ॅलर्जीचं आधीच सांगायचं, सर्जनना, भूलतज्ज्ञांना आणि वॉर्डातल्या सिस्टरना, प्रत्येकाला वेगळं. मनगटावर अ‍ॅलर्जीची पट्टी बांधली का ते बघ. कितीही वेळा विचारलं तरी तितक्यांदा उत्तर दे. तुला एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे.

फारच उपदेश झाला, माफ कर. शाळेचं दप्तर तू मला कधी भरू दिलं नाहीस. वेळापत्रक बघून स्वतः भरायचीस आणि त्यात काही राहिलेलं मला आठवत नाही. तुझ्या नीटनेटकेपणावर माझा पूर्ण भरवसा आहे. काळजी त्या एका तासाची आहे, जेव्हा तुला बोलता येणार नाही.

त्या तासासाठी, सोबत येणाऱ्या सुनीलला कागदाची दुसरी प्रत दे, तो खिशात ठेवील. जुनी सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, विम्याचं कार्ड आणि ओळखपत्र एका फोल्डरमध्ये, झेरॉक्ससह. पैसे, दागिने, लॅपटॉप नको. दुसरी बॅग त्याच्याकडेच असू दे, वॉर्डात जागा नसते.

बरी झालीस की त्या अ‍ॅलर्जीची रीतसर तपासणी करून घे. लहानपणी अशी नोंद झालेल्या बहुतेकांना मोठेपणी ती उरलेली नसते, हे खरं आहे. पण ते नंतर, तज्ज्ञांसमोर. आत्ता ती आहे असंच धरायचं.

कागद लिहून झाला की फोटो पाठव. औषधाचं नाव बरोबर लिहिलंस का, ते मी बघतो.

तुझा,
बाबा