बाबा, हा पोरगा तुम्ही बघायला हवा होता

फ्लॉरेन्स, रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईला सांगा, वेळेवर जेवतो.

'तिकडं ओतकाम बघायला मिळालं की कळव,' असं तुम्ही म्हणाला होतात. आज सुट्टी होती, बार्जेल्लोत गेलो. पूर्वी तिथं तुरुंग होता, 1865 पासून संग्रहालय आहे. आत बघण्यासारखं पुष्कळ, पण माझे दोन तास एकाच मूर्तीपाशी गेले.

व्हेरोक्किओ नावाच्या कारागिराचा दावीद. बायबलमधला तो मेंढपाळ पोरगा, ज्यानं गल्याथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला गोफणीच्या धोंड्यानं पाडलं. उंची सव्वा मीटर, म्हणजे ताईच्या धाकट्याएवढी. डावा हात कमरेवर, कोपर टोकदार. उजव्या हातात आखूड तलवार. पायाशी गल्याथचं मुंडकं, कपाळावर जखम. पोरगा काटकुळा, हाताच्या शिरा दिसतात, आणि ओठांवर पुसटसं हसू. एवढं मोठं काम करून आलाय, पण छाती काढून उभा नाही. मला तो फार आवडला.

व्हेरोक्किओ मूळचा सोनार. ते कळल्यावर केसांची एकेक बट आणि अंगरख्याच्या काठाची नक्षी पुन्हा जवळ जाऊन बघितली. केसांवर, बुटांवर, काठांवर सोन्याचा मुलामा होता, त्याच्या खुणा अजून आहेत. बाकी धातू आपल्या ओळखीचाच, तांबं आणि कथील. रीतही आजोबांची. आत मातीचा गाभा, त्यावर मेण, वरून पुन्हा माती, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. रस कुठं अडला का, हे शोधत मागनंही फिरलो. मला एकही जागा सापडली नाही. तुम्हाला सापडली असती.

मूर्ती मेदिची या इथल्या बड्या घराण्याची. 1476 साली लोरेन्झो आणि जुलियानो या भावांनी ती 150 फ्लोरिनला, म्हणजे तेवढ्या सोन्याच्या नाण्यांना, इथल्या सरकारला विकली, मग ती सरकारवाड्यात उभी राहिली. चहूकडं बलाढ्य सत्ता, त्यात हे लहानसं प्रजासत्ताक. दावीद त्यांना आपला वाटायचा.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पुढं व्हेरोक्किओनं व्हेनिससाठी घोडेस्वाराचा मोठा पुतळा करायला घेतला. मातीचा नमुना झाला होता, ओतायचं राहिलं आणि 1488 साली तो तिथंच वारला. मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं होतं की काम माझ्या शिष्यानं, लोरेन्झो दि क्रेदीनं पुरं करावं. पण व्हेनिसच्या सरकारनं ते लेओपार्दी नावाच्या ओतणाऱ्याला दिलं, आणि त्यानं घोड्याच्या तंगावर, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यावर, स्वतःचं नाव कोरलं. तुम्ही आजोबांची राहिलेली घंटा ओतलीत आणि तिच्यावर नाव त्यांचंच घातलंत, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवलेत. उजव्या मुठीचा मोठा करून बघा. अशी तलवार तुम्ही मुठीसकट ओतली असती की नंतर बसवली असती, तेवढं कळवा.

आईस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा