निर्यातीच्या केळीला भाव वेगळा हवा

संपादक महोदय,

केळीची निर्यात वाढवण्याची घोषणा आपल्या जिल्ह्यात दर हंगामात होते. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी जागतिक निर्यातीत आपला वाटा अगदी थोडा आहे. अडचण उत्पादनाची नाही.

गेल्या वर्षी एका निर्यातदाराचा माणूस माझी मृगबाग (मृग नक्षत्राच्या सुमारास लावलेली केळी) पाहायला आला होता. घड वजनदार होते, फण्या भरलेल्या होत्या, तरी जवळपास तिसरा हिस्सा त्याने बाजूला काढला, कारण उन्हाळी वाऱ्यात पाने घासून सालीवर तपकिरी रेघा उमटल्या होत्या. ती पाने वेळेत कापायला आणि घडांवर पिशव्या चढवायला हव्या होत्या, चूक माझीच. मात्र दिल्लीला जाणाऱ्या मालात या रेघांकडे कोणी पाहत नाही. त्या मालासाठी घड कापून खांद्यावरून बांधावर येतो आणि केळीच्याच पानांच्या गादीवर ट्रकमध्ये रचला जातो. निर्यातीसाठी फण्या वेगळ्या करून चीक जाईपर्यंत पाण्यात धुवाव्या लागतात, खोक्यांत भराव्या लागतात आणि लगोलग 13 ते 14 अंशांपर्यंत थंड कराव्या लागतात. त्याहून जास्त गारवा लागला तर साल काळवंडते, त्यामुळे बटाट्याचे शीतगृह येथे उपयोगाचे नाही. (आमच्याकडे ‘कोल्ड स्टोरेज आहे की’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात.)

केळीत आपल्यापेक्षा नवखे असलेले सोलापूर जिल्ह्यातील करमाळा-टेंभुर्णीचे शेतकरी निर्यातीत पुढे गेले, कारण माल धुऊन खोक्यांत भरण्याची केंद्रे, म्हणजे पॅक हाऊस, त्यांच्या बागांच्या जवळ उभी राहिली. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत चार-पाच गावांमागे एक पॅक हाऊस प्री-कूलिंगसह (माल लगोलग थंड करण्याच्या सोयीसह) उभे करून ते शेतकरी उत्पादक कंपनीकडे चालवायला द्यावे, ही शासनाकडे मागणी आहे.

पण इमारतीपेक्षाही भावाचा प्रश्न मोठा आहे. बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहून ठरणारा आमचा भाव डागी आणि निर्मळ घडात फारसा फरक करत नाही. मग पिशवीचा आणि मजुरीचा खर्च शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर करावा? बाजार समित्यांनी रोजच्या भावफलकावर निर्यातक्षम मालाचा भाव वेगळा लिहावा. त्यासाठी निधी लागत नाही, आणि येत्या मृगबागेच्या कापणीपूर्वी ते सहज होऊ शकते.

आपला,
एक केळी उत्पादक,
यावल तालुका, जि. जळगाव