लेलंड हे गावाचं नाव आहे

प्रेस्टन, लँकेशायर
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, आईकडं देतो" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. प्रिंट काढायला समीरला सांगितलंय. अक्षरं मोठी करून देईल, चष्मा शोधत बसू नका.

आधी एक बातमी. मी दुसरीत असताना तुम्हाला विचारलं होतं, गाडीच्या तोंडावर लिहिलंय ते अशोक लेलंड कोण? तुम्ही म्हणाला होता, "असंल कुणीतरी साहेब." अण्णा, लेलंड साहेब नाही, गाव आहे. मी राहते तिथून दक्षिणेला सहा मैलांवर. आणि अशोक हे मद्रासला कारखाना काढणाऱ्या रघुनंदन सरन यांच्या मुलाचं नाव. १९४८ साली अशोक मोटर्स सुरू झाली, पुढं १९५५ मध्ये तिला लेलंड जोडलं गेलं. म्हणजे पोराचं नाव आणि गावाचं नाव, असं मिळून तुमची कॉमेट लॉरी.

गेल्या रविवारी त्या गावात जाऊन आले. किंग स्ट्रीटवर लॉऱ्या आणि बसगाड्यांचं संग्रहालय आहे, जुन्या कारखान्याच्याच जागेत. १८९६ मध्ये इथं वाफेवर चालणारी गाडी बनली. त्याआधी हेच लोक गवत कापायचं वाफेचं यंत्र करत होते, ते वाचून मला हसू आलं. पोपसाहेब १९८२ मध्ये आले तेव्हा त्यांच्यासाठी केलेली काचेची गाडीही तिथंच उभी आहे. पण मला मजा वाटली ती नावांची. या कंपनीनं गाड्यांना जनावरांची नावं दिली: बीव्हर, हिप्पो, बफेलो, आठ चाकांची ती ऑक्टोपस. बायसनसुद्धा आहे, म्हणजे आपल्या दाजीपूरचा गवाच की. आभाळातलं, धूमकेतूचं नाव मिळालं ते तुमच्या कॉमेटला. मूळ कॉमेट इथलीच.

आता खरं सांगायचं ते. माझ्याकडं व्यायामाला एक म्हातारबाबा येतात. पेशंटचं नाव सांगायचं नसतं, म्हणून त्यांना नुसतं बाबाच म्हणते. वय ऐंशीच्या पुढं. डावा गुडघा गेलेला, उजवा खांदा वर उचलत नाही. कागद न बघता मी विचारलं, "लॉरी चालवत होता का?" ते चकित झाले. त्यात काय एवढं, अण्णा? हाच गुडघा मी घरी बघत आले. इथंही स्टिअरिंग उजवीकडंच, क्लच डाव्या पायाखाली. तुमचा दुखतो तोच त्यांचा दुखतो.

तेव्हापासून मंगळवारी आमचा अर्धा तास चांगला जातो. पाय वर, पाय खाली, आणि मधे गोष्टी.

बाबांनी १९७० पासून मोठी गाडी चालवली. त्याच वर्षी इथं हेवी लायसनची परीक्षा सुरू झाली. पहिली गाडी ॲटकिन्सन. तिचा कारखाना आमच्या घरासमोरच्या रिबल नदीच्या पलीकडं, वॉल्टन-ले-डेलला होता. रेडिएटरवर गोलात मोठा 'ए'. केबिन फायबरची, पण आतला सांगाडा लाकडाचा. तुमच्या गाडीची केबिन कराडच्या सुतारानं बांधलेली, आई तिला "तुमचं कपाट" म्हणायची, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आमचंही कपाटच, फक्त त्याची दारं लागायची नाहीत.

म्हणजे काय ते नंतर कळलं. मला वाटलं होतं हा माणूस गाडीच्या ताकदीच्या गोष्टी सांगेल. तो सांगतो थंडीच्या. दाराच्या फटीतून वारा, पेडलच्या भोकांतून वारा, आणि हीटर असलाच तर नावाला. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वर झाकण. त्या झाकणाकडची मांडी भाजायची आणि दाराकडची गोठायची. पायांवर गोणपाट, अंगात लष्करातला जुना ओव्हरकोट, कोटाच्या आत वर्तमानपत्रं. झाकणावर जेवणाचा डबा ठेवला की दुपारपर्यंत गरम. तुम्ही रेडिएटरजवळ भाकरीचं फडकं ठेवायचात तसंच. कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्येच मेण धरायचं आणि इंजिनला तेल जायचं नाही. मग काय करायचं? चिंधी पेटवून टाकीखाली धरायची! "आणि टाकी पेटली तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "तर निदान ऊब मिळाली असती." असला विनोद करताना त्यांचा चेहरा अजिबात हलत नाही. आपल्या पांडूतात्यांसारखा.

इंजिन गार्डनर. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनायचं. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं "वनएटी" म्हणायचे, कारण ताकद १८० घोड्यांची. आणि ओझं गाडीसकट ३२ टन! त्या वेळी इथं तीच कायद्याची मर्यादा होती. १८० घोड्यांनी ३२ टन चढावर कसा जाईल ते तुम्हाला मी सांगायला नको. पण डिझेल कमी प्यायचं, आणि सहसा मध्येच मरायचं नाही, म्हणून मालकांना ते प्राणाहून प्यारं. मालक सगळीकडं सारखेच.

उत्तरेला स्कॉटलंडकडं जाताना शॅप नावाचा डोंगर लागतो. माथा जेमतेम १,४०० फूट, आपल्या खंडाळ्याहूनही कमी. तुम्ही हसाल. मीही हसले. मग त्यांनी सांगितलं की हिवाळ्यात तिथं बर्फ पडून रस्ता बंद झाला की गाड्यांची रांग रात्रभर अडकायची, आणि आसपासचे शेतकरी ड्रायव्हरांना घरात घेऊन जेवू घालायचे. १९७० च्या अखेरीस मोटरवे झाला आणि जुना रस्ता ओस पडला. जुन्या रस्त्याच्या माथ्यावर आता एक दगड उभा केलाय, त्या वाटेवरच्या ड्रायव्हरांच्या आणि त्यांना आसरा देणाऱ्या गावकऱ्यांच्या आठवणीत. आपल्याकडं घाटाच्या माथ्यावर देऊळ असतं आणि ड्रायव्हर तिथं नारळ फोडतो. पण घाट चढणाऱ्या ड्रायव्हरसाठी दगड उभा केलेला मी अजून पाहिला नाही.

बाबा एकटेच असायचे. क्लीनर नाही. हे मला पटेना, म्हणून दोनदा विचारलं. खरंच नाही. माल भरायचा, बांधायचा, चालवायचं, सोडायचं, सगळं एकानंच. सोमवारी पहाटे निघून शुक्रवारी परत, याला त्यांच्या भाषेत ट्रॅम्पिंग म्हणतात. दुसरे ट्रंकर, ते रात्री अर्ध्या वाटेवर समोरून येणाऱ्याला भेटायचे, गाड्यांची अदलाबदल करायची आणि सकाळी आपापल्या घरी. बाबा ट्रॅम्पर. त्या केबिनमध्ये झोपायला फळी नव्हती, म्हणून रात्री ड्रायव्हरांच्या खानावळवजा घरात उतरायचं. एका खोलीत सहा-सहा खाटा, बाकीचे पाच कोण ते देव जाणे. बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून खाटेचे पाय बुटांत घालून झोपायचं! तुम्ही टपावर चांदण्यात झोपायचात हे सांगितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मते तुम्ही राजे होता. त्यांना डासांचं सांगितलं नाही.

मग स्वीडनच्या गाड्या आल्या, व्होल्व्हो आणि स्कॅनिया. त्यात बिछाना होता, हीटर होता, केबिनमध्ये शांतता होती. पहिल्यांदा दुसऱ्याची व्होल्व्हो चालवली तेव्हा गाडी बंद पडली की काय असं त्यांना वाटलं. ज्या दिवशी मालकानं स्वतःची घेतली त्या दिवशी त्यांनी ॲटकिन्सनकडं वळूनही बघितलं नाही. आता मात्र जत्रेत कुणी चकचकीत रंगवलेली ॲटकिन्सन आणली की हेच बाबा तिच्याजवळ उभे राहून फोटो काढून घेतात. मी म्हटलं, हे कसं? ते म्हणाले, "तिनं मला गोठवलं, पण घरी आणलं." बरं. मला यात त्यांचं तारुण्यही दिसतं, पण पेशंटला असलं बोलायचं नसतं.

आणखी एक गंमत. इथं हॉर्नला कुणी हात लावत नाही. एका लॉरीनं दुसरीला मागं टाकलं की मागची दिव्याची उघडझाप करून सांगते, ये आत, जागा आहे. पुढची इंडिकेटर डावा-उजवा करून आभार मानते. अजूनही करतात, मी बसमधून पाहिलंय. तुमचं "डिप्पर दे" तेच हे. लॉगबुकात झोपेचे तास कसे भरायचे, तेही बाबांनी मला समजावून सांगितलं. ते इथं लिहीत नाही, पण जकात नाक्यावरच्या तुमच्या गोष्टींपेक्षा त्यात फार वेगळं काही नाही. १९८१ च्या अखेरीस वेग आणि वेळ नोंदणारं यंत्र सक्तीचं झालं आणि ती मजा संपली. त्या यंत्राला ड्रायव्हर "केबिनमधला हेर" म्हणायचे.

अण्णा, आता दोरीचं सांगते. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

खांद्याचा व्यायाम बाबा करत नव्हते. रबरी पट्टा दिला की कंटाळायचे. मग मी एके दिवशी दुकानातून जाड दोरी आणली आणि भिंतीवरच्या दांड्याला बांधून म्हटलं, ओढा. त्यांनी दोरी हातात घेतली, बोटांनी चाचपली, आणि माझ्याकडं न बघता दोरीची एक घडी घातली, तिला पीळ दिला, खाली फास काढला, टोक खालच्या दांड्याखालून घेऊन त्या फासातून ओवलं आणि अंगाचा भार टाकून खाली खेचलं. दोरी तारेसारखी ताणली. टण्ण. जो खांदा महिनाभर वर गेला नव्हता तो गेला होता. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्यांच्यात याला डॉली म्हणतात. सगळ्या गाड्या तेव्हा उघड्या, सपाट फळीच्या. त्यांचा माल बहुतेक कागदाचा, लंडनच्या छापखान्यांना जाणारी मोठमोठी रिळं. एका रिळाला पाणी लागलं की फुकट. म्हणून वर ताडपत्री, भिजली की दोन माणसांना उचलायची नाही, आणि तिच्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या, प्रत्येक दोरीला डॉली. पावसात, अंधारात, गोठलेल्या बोटांनी. एका गाडीला तास-दीड तास. ओढताना दोरी तुटली किंवा सुटली तर माणूस पाठीवर पडायचा, त्यात किती जणांची कंबर गेली. ताडपत्री बांधायची पद्धत बघून कोण कुठल्या यार्डातला ते लांबून ओळखता यायचं. ढिली बांधणाऱ्याला खानावळीत शेजारी बसू द्यायचे नाहीत. हे बहुधा वाढवून सांगितलं असेल.

मी ती गाठ बघत उभी राहिले, कारण मला ती येते. मार्केट यार्डात तुम्ही गुळाचे रवे भरून घ्यायचात, आभाळ भरून आलेलं असायचं, आणि मी डबा घेऊन आलेली असायचे. घडी, पीळ, फास, खालच्या कडीतून घेऊन वर, आणि मग तुम्ही पाय गाडीला टेकवून मागं वाकायचात. एक थेंब आत गेला तर मालक पगारातून कापेल, म्हणायचात. अगदी तीच गाठ, अण्णा. पीळही त्याच बाजूला. मी दुसऱ्या दोरीनं बांधून दाखवली तर बाबांनी ती ओढून बघितली, वाजवून बघितली, आणि विचारलं, "तुझ्या वडलांना कुणी शिकवली?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही इतकी वर्षं ती गाठ बांधलीत आणि मी कधी विचारलं नाही, ती कुणी शिकवली आणि तिला आपल्यात काय म्हणतात. बाबांना पुढच्या मंगळवारी उत्तर हवंय. त्यांचं म्हणणं, त्यांनी ती एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून शिकली आणि तो घोडागाडीच्या काळातला होता.

तेव्हा एक काम करा. माळ्यावर निळ्या पिंपात जुनी दोरी आहे, आईनं टाकून दिली नसेल तर. समीरला म्हणावं मोबाईल आडवा धर. दाराच्या कडीला बांधून दाखवा, सावकाश, आणि बांधताना बोला. गुडघ्यावर जोर देऊ नका, खुर्चीत बसून जमतंय. खेचायचं काम समीरला करू द्या. त्याला येणार नाही, पण करू दे.

आईला म्हणावं, थंडी सुरू झालीय, पण माझ्या घरातला हीटर चांगला आहे. भडंग पोचला, त्यातला अर्धा बाबांना दिला. तिखट लागलं, तरी संपवला.

तुमची,
नंदू