दोन मिनिटांचे अकरा दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुनी मराठी पुस्तके संगणकात उतरवण्याविषयी लेख होता. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारे टेसेरॅक्ट हे ‘गूगलचे मोफत सॉफ्टवेअर’ दोन मिनिटांत बसते, असे त्यात म्हटले आहे. त्यातले मोफत तेवढे खरे.

आधी गूगलचे. टेसेरॅक्ट घडले ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत, 1985 ते 1994 या काळात, ब्रिस्टल आणि कोलोरॅडोत. 2005 मध्ये कंपनीने त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला केला. गूगलने त्यावर काम केले ते 2006 ते 2018. आता ते स्वयंसेवक सांभाळतात. दुरुस्ती छापावी ही विनंती.

आणि दोन मिनिटांचे म्हणाल, तर मला अकरा दिवस लागले. मी वाईत राहते. छत्तीस वर्षे मुद्रितशोधन केले. आता एका जुन्या वाचनालयातली 1930-40च्या सुमाराची पुस्तके स्कॅन करून देते. ही सगळी 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीची, ‘घरें’, ‘नांव’, ‘कां’ अशा अनुस्वारांनी भरलेली. टेसेरॅक्टचे तयार मराठी मॉडेल, म्हणजे मराठी अक्षरओळख शिकलेली फाइल, हे अनुस्वार कधी गाळते, कधी शेजारच्या अक्षरावर नेऊन ठेवते. त्याला जुने वळण शिकवायचे, तेही पाचव्या आवृत्तीत. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली आहे, तिच्यात आयती मिळते ती आवृत्ती 4.1.1. म्हणून स्रोत उतरवून घेतला आणि घरीच कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम घडवायला, बसले. त्यासाठी तीन आज्ञा ओळीने द्यायच्या: ऑटोजेन, कॉन्फिगर आणि मेक.

‘ऑटोजेन’ मुकाट्याने पार पडले. ‘कॉन्फिगर’ मात्र चार हजाराव्या ओळीच्या पुढे ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून आडवे झाले. जन्माची खोड, मी थेट ती ओळ उघडून पाहिली. तिथे ‘एएक्स’ने सुरू होणारे एक लघुरूप जसेच्या तसे पडले होते. लेखकाने हस्तलिखितात ‘येथे मागचा श्लोक घ्यावा’ असे लिहावे आणि जुळाऱ्याने ते वाक्यच जुळवून मोकळे व्हावे, तसला प्रकार! त्या लघुरूपाचा विस्तार ‘ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह’ नावाच्या पॅकेजात असतो आणि ते माझ्याकडे नव्हते. बसवले. पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा तीच चूक. यात दोन दिवस गेले. कॉन्फिगरची फाइल ऑटोजेन छापून देते आणि माझ्यासमोर होती ती जुनी, चुकीची छपाई, हे मग ध्यानात आले. ऑटोजेन नव्याने चालवल्यावर गाडी पुढे सरकली.

पुढे ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल. काम लवकर व्हावे म्हणून मी त्याला ‘-जे’ जोडले आणि पुढचा आकडा द्यायला विसरले. आकडा नसला की मेक हाताला लागतील तितक्या फाइली एकदम कंपाइल करायला घेते. चार जीबीचा लॅपटॉप थिजला, पंखा गरगरू लागला आणि शेवटी पडद्यावर ‘मेक: एरर 2’. भाचा म्हणाला, “मावशी, स्क्रीनचा फोटो पाठव.” पाठवला. तळची ती ओळ पाहून त्याने लिनक्स नव्याने टाकायला सांगितले. दुरुस्तीच्या दुकानात तर मदरबोर्ड गेल्याचे निदान झाले, नव्या लॅपटॉपची किंमतही ऐकवली गेली.

‘एरर 2’चा अर्थ इतकाच की वर कुठेतरी काहीतरी बिघडले आहे. मी मेकचा सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घेतला आणि ‘एरर’ हा शब्द वरून पहिल्यांदा कुठे येतो ते शोधले. शेकडो ओळी वर सापडले: ‘किल्ड’. लॅपटॉपची मेमरी संपली म्हणून संगणकाने कंपायलरलाच मारून टाकले होते. गॅलीतली, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या कच्च्या मुद्रितातली, एक ओळ गळली की पुढच्या सगळ्या पानांचे तुकडे चुकतात, पण खूण करायची ती गळलेल्या ओळीपाशी. ‘-जे’ काढून टाकले. एकेक फाइल कंपाइल होत संध्याकाळपर्यंत काम झाले. मदरबोर्ड ठणठणीत आहे.

पुढच्या अडचणी किरकोळ. बसवल्यावर नवा टेसेरॅक्ट आपलीच लायब्ररी (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही म्हणू लागला. ‘एलडी-कॉन्फिग’ ही आज्ञा चालवल्यावर सापडली. मराठीची फाइल जुन्या आवृत्तीच्या फोल्डरात होती, ती नव्या फोल्डरात ठेवली. फसवे निघाले ते ‘मेक ट्रेनिंग’, म्हणजे मॉडेलला शिकवण्याची साधने बनवणारी आज्ञा. कॉन्फिगर तर नीट संपले होते, पण पँगो लायब्ररी नाही म्हणून प्रशिक्षणाची साधने बनणार नाहीत, अशी सूचना त्याने मधेच देऊन टाकली होती आणि मी ती वाचली नव्हती. मुद्रितशोधकाने! शिवाय आयते मिळणारे मराठी मॉडेल ‘फास्ट’ जातीचे, त्यावर पुढचे शिक्षण चढत नाही. त्यासाठी ‘बेस्ट’ जातीची फाइल वेगळी आणावी लागते. एवढी एक ओळ तरी आपल्या लेखात हवी होती.

पुरवणीत जागा असेल तर पुढच्या वेळी ‘दोन मिनिटांत’ऐवजी एखाद्या अडलेल्या कंपाइलचा खराखुरा मजकूर छापा आणि चूक कुठे आहे ते वाचकांना शोधू द्या. शब्दकोडे सोडवणारे आपले वाचक तेही सोडवतील.

वाईत कुणाला हे करून पाहायचे असेल तर गुरुवारी दुपारी मी वाचनालयात असते. पडद्याचा फोटो आणू नये. सगळा मजकूर फाइलीत उतरवून आणावा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, वाई