बटणांचा डबा पाठवते आहे

लालबाग, मुंबई
श्रावण, मंगळवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर बटणांचा डबा देते आहे. फोनवर तू मागितलास तेव्हा मी नुसतं 'बघते' म्हणाले आणि विषय बदलला, ते तुला लागलं असेल. डबा द्यायचा नव्हता असं नाही गं. आदल्याच दिवशी तू प्रदर्शनातल्या कानातल्यांचा फोटो पाठवला होतास. शिंपल्याच्या जुन्या बटणांना मागून ग्लू गनने पिना चिकटवलेल्या. आपली बटणं तशी दिसली आणि घशात काहीतरी अडकलं. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

चिकटवू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. हवं ते कर, गळ्यात घाल, कानात घाल, पिशवीला लाव, विक. पण बटण टाक्यावर धर. टाका उसवला की ते जसंच्या तसं हातात आलं पाहिजे. या डब्यातलं एकेक बटण दोन-दोन, तीन-तीन कपड्यांवरून फिरून आलंय. बाबांच्या शर्टावरचं तुझ्या शाळेच्या फ्रॉकवर, तिथून उशीच्या अभ्र्यावर. तुझ्या माळेनंतरही त्याला कुठेतरी जाता आलं पाहिजे.

डबा मूळचा आजीचा. बोहारीण चाळीत आली, दारात टोपली उतरवली की आजी जुने शर्ट पुढे करायची, पण बटणं आधीच कापून घेतलेली असायची. बोहारीण कुरकुरायची, बिनबटणाच्या शर्टावर पातेलं कसं द्यायचं? आजी म्हणायची, पातेलं लहान दे, बटणं माझी. कापायची पद्धतही ठरलेली. बटण ओढायचं नाही, कापड आणि बटण यांच्यामधून कात्रीचं टोक घालून फक्त दोरा कापायचा. मग एका शर्टाची सगळी बटणं एका दोऱ्यात ओवून गाठ. डब्यात तुला अशा जुड्या सापडतील. त्या सोडवून एकत्र करू नकोस. एकाच कपड्यावरची सात बटणं आज कुठल्या बाजारात मिळायची नाहीत. सुटी बटणं तळाशी भरपूर आहेत, आधी ती वापर.

आजीनंतर डबा माझ्याकडे आला, तेव्हा बटणांशी माझं नातं नुसतं जपण्याचं राहिलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली, त्यात तुझे बाबा. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेजारच्या बायका काज-बटणाचं काम आणायच्या, त्यांच्याबरोबर मीही जायला लागले. काजं मशीनवर होऊन यायची, आम्ही बटणं लावायची आणि धागे कापायचे. पैसे डझनावर. गठ्ठ्याबरोबर बटणं मोजून मिळायची आणि एक जरी कमी भरलं तरी कंत्राटदार मजुरीतून कापून घ्यायचा. म्हणून मी स्टीलच्या ताटात बटणं ओतून बसायचे. ताटातून पडलेलं बटण खोलीत कुठे गेलं ते मला आवाजावरून कळायचं: फरशीवर एक आवाज, पाटाखाली दुसरा, मोरीकडे गेलं तर तिसरा. तू पोटात होतीस तेव्हाही हे काम चालू होतं. तुझ्या हातात हा गुण कुठून आला असं तू विचारतेस ना, मला तरी दुसरं काही सुचत नाही.

त्या दिवसांत शिकलेलं एक माप तुला कामाला येईल. बटणवाले इंच-सेंटिमीटर बोलत नाहीत, लाईन बोलतात. चाळीस लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं साधं बटण अठरा लाईन, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. चोवीस लाईन म्हणजे पंधरा. भुलेश्वरला गेलीस आणि 'अठरा लाईन दाखवा' म्हणालीस की दुकानदार तुला दोन गोष्टी जास्त दाखवेल. जुड्यातलं एखादं कमी पडलं तर जोड शोधायला तिथेच जा. चोरबाजारातही कधीकधी जुन्या कोटांची बटणं निघतात, पण तिथे जाताना मामाला बरोबर घे, त्याला भाव करता येतो.

आता कुठलं बटण कशाचं, ते.

शिंपल्याचं ओळखायचं ओठाने. ओठाला लावलं की गार लागतं, प्लास्टिक लागत नाही. दाताला हळूच टेकवलं तर काचेसारखा बारीक आवाज येतो. उलटं करून बघ, काहींच्या पाठीला शिंपल्याची मूळची तपकिरी साल अजून आहे. ती खोट समजून घासू नकोस. मला त्या पाठी पुढच्या बाजूपेक्षा आवडतात. माळेत दोन-चार उलटी ओव, बघ कशी दिसतात.

आणि चिंच लावायची नाही. हे मी करून बसले आहे. तुझ्या मावशीच्या लग्नाच्या वेळी पितळेची बटणं चकचकीत करावीत म्हणून चिंचेच्या कोळात टाकली आणि घाईत त्याच वाटीत शिंपल्याचीही सहा गेली. तासाभराने पितळ सोन्यासारखं निघालं आणि शिंपल्याची सहा खडूसारखी पांढरी. हाताला पीठ लागत होतं. वरचा तो पाण्यासारखा हलणारा रंग गेला तो गेलाच. शिंपला म्हणजे शेवटी चुना. कोकणात शिंपले भाजूनच चुना करतात. आंबट लागलं की तो विरघळणार. चिंच, लिंबू, व्हिनेगर, काहीही नको. ओल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. ती सहा मी टाकली नाहीत, निळ्या दोऱ्यात ओवलेली आहेत. तुला दिसली की कळेल मी काय म्हणते ते.

मधाच्या रंगाची, गुळगुळीत, थोडी जड अशी काही आहेत. ती दुधाची. खरंच, दुधातलं केसीन काढून, दाबून, फॉर्मॅलिनमध्ये मुरवून कडक करायचे आणि त्याची बटणं कापायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हे खूप चालायचं. मला हे कळलं तेव्हा मी ते बटण किती वेळ हातात धरून बसले होते. ही पाण्यात भिजत ठेवली तर फुगतात, वाकडी होतात. काळी, गडद तपकिरी आहेत त्यांतली काही बेकेलाइटची, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या कडक प्लास्टिकची असावीत. चाळीत आपल्याकडे विजेची जी काळी गोल बटणं होती ना, खट् करून लागणारी, तीही त्याचीच. बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये ते शोधून काढलं. अंगठ्याने जोरात चोळून गरम केलं की फिनेलसारखा उग्र वास येतो.

कापराचा वास आला तर मात्र ते बटण बाजूला काढ. ते सेल्युलॉइड, तेही जुन्या काळचं एक प्लास्टिकच. चटकन पेट घेतं, म्हणून ओळखण्यासाठी तापवलेली सुई लावायचा उद्योग कुठल्याच बटणावर करू नकोस, कोणी कितीही शिकवलं तरी. जुनं झालं की ते आतून खराब होतं आणि शेजारच्या धातूलाही खातं. आपल्या डब्यात झाकण घट्ट, वर मुंबईचा पावसाळा. दोन वर्षांनी उघडला तर पितळेची बटणं हिरवी पडलेली. तेव्हापासून मी सगळी मलमलच्या छोट्या पिशव्यांत वेगवेगळी ठेवते. तूही प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस.

तुझ्या क्रोशाच्या कामाचं सांगते. आधी बटण निवड, मग काज. तू उलटं करतेस, म्हणून तुझ्या त्या करड्या जाकिटाची बटणं आपोआप निघतात. विणलेलं कापड ताणतं, त्यामुळे काज बटणाला जरा घट्टच हवं. मुक्या खांबांच्या ओळीत तीन साखळ्या घालून खालचे तीन खांब सोडलेस की शर्टाच्या बटणाला पुरेल असं भोक होतं. एक चौकोन विणून त्यावर करून बघ, मग जाकिटाला हात लाव. जड बटण नुसतं लोकरीवर टाकलं तर लोंबतं. मागच्या बाजूला एक छोटं चपटं बटण ठेवून दोन्हीतून एकच टाका ने, ओढ त्या मागच्या बटणावर जाते, लोकर फाटत नाही. आणि बटणाला मान ठेव. टाके घालताना बटणाच्या वर आडवी आगकाडी धरायची, टाके तिच्यावरून जाऊ द्यायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि खालच्या मोकळ्या दोऱ्याला चार-पाच वेढे देऊन गाठ मारायची. मान नसली की जाड कापड बटणाखाली मावतच नाही. मी शर्टांना अशी मान करत बसले की बरोबरच्या बायका म्हणायच्या, कशाला, पैसे तेवढेच मिळणार. तरी मी करायचे.

माळेसाठी दोन भोकांची बटणं चांगली. माशाच्या खवल्यासारखी एकावर एक अर्धी चढवत ओव, सुंदर पडते. दोऱ्याला आधी मेण लाव. शिंपल्याच्या भोकाची कड धारदार असते, ती दोरा कापते. ओवण्याआधी भोकातून दोरा दहा-बारा वेळा मागेपुढे ओढून बघ, दोऱ्याचे तंतू सुटले तर ते बटण माळेत नको, पदकासारखं मध्ये सैल लाव. पितळी बटणांच्या मागे कडी असते. ती कडी पक्कडीने तोडून पाठ सपाट करतात, मी पाहिलंय. तसं करू नकोस. कडीतून बारीक रिंग घातली की काम भागतं. आणि फासा विकत कशाला आणायचा? एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा बंद. मानेवर मागे एक जुनं बटण असलं की सगळ्या माळेला शोभा येते.

तुला बाळाच्या स्वेटरची ऑर्डर आलीय म्हणालीस. त्याला यातलं एकही बटण लावू नकोस. दोरा जुना झाला की सुटतं आणि मुलं तोंडात घालतात. कुंचीला, झबल्याला आपण बंदच लावत आलो, त्याचं कारण हेच असणार.

तू पाठवलेला डॉर्सेटच्या बटणांचा व्हिडिओ तीनदा बघितला. कडीवर दोरा गुंडाळून, मध्ये आरे धरून चाकासारखं बटण. इंग्लंडातल्या त्या भागात सतराव्या शतकापासून बायका घरी बसून अशी बटणं करायच्या, तेच त्यांचं पोट. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बटणाचं यंत्र मांडलं गेलं आणि नंतर ते काम बसलं, कित्येक कुटुंबांना देश सोडावा लागला. मी व्हिडिओ थांबवून त्या बाईच्या हातांकडे बघत होते. लालबागच्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत, आमच्या काज-बटणाचा गठ्ठा कोणाकडे जातो मला माहीत नाही. तू ते बटण शिकलीस याचा मला फार आनंद झाला. एक मला करून पाठव.

दर लावताना तुझे तास मोज. बटणं घरची आहेत म्हणून माळ स्वस्त देऊ नकोस. डझनावर काम केलेल्या बाईचं एवढं ऐक.

डब्यात सगळ्यात वर कागदाची पुडी आहे, तीत दोन पितळी बटणं. बाबांचे आजोबा बी.बी. अँड सी.आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत होते, त्यांच्या कोटावरची. १९५१ मध्ये त्या रेल्वेची पश्चिम रेल्वे झाली, कोट गेला, बटणं आजीने ठेवली. अक्षरं झिजलीत, पण तिरपं धरलं की वाचता येतात. घासू नकोस, कोरड्या फडक्याने नुसती पूस. त्यांचं काय करायचं ते तू ठरव, विकायचीसुद्धा मोकळीक आहे.

तिसरं मी ठेवून घेतलंय. चष्म्याची पिशवी विणली तिला लावलंय, मान ठेवून. दिवसातून दहादा हात लागतो.

तुझी,
आई